नोटेवरचे आकडे

म्हापशाच्या शुक्रवारी, चुरीसांच्या माळा
आणि मातीच्या मडक्यांमधल्या बोळात
एक पोरगा उलट्या छत्रीला गॉगल टांगून उभा होता.
बाबांनी त्यातला सगळ्यांत काळा उचलला,
डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे वळून म्हणाले,
"काळोख झालो गो. ह्योच बरो."
पोरगा दीडशेवरून शंभरावर आला होता.

मी नको म्हटलं.
बाबांच्या उजव्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यातून
एक पांढरी वेल बुबुळावर चढू लागली आहे.
डॉक्टर म्हणाले, ऊन. पस्तीस वर्षांचं ऊन.
निम्मं वरून पडलेलं,
निम्मं आगरवाड्याच्या मिठातून
खालून वर उसळलेलं.
टोपीला हे खालचं ऊन ठाऊकच नसतं.

आग्नेलोने खणातून
बोटाएवढी जांभळी बॅटरी काढली.
बाबांच्याच खिशातली शंभराची नोट
काउंटरखालच्या अंधारात धरली.
नोटेवरचे आकडे काजव्यांसारखे पेटले.
मग मधे धरला एक काळाकुट्ट गॉगल,
कुणा गिऱ्हाइकाने चिडून टाकून दिलेला.
आकडे तसेच. पेटलेले.
"बघा शाणूबाब, हा नुसता पडदा.
काळोख पाहून बाहुली दार सताड उघडते,
आणि चोर आत जातो. त्याला दिवा लागत नाही."

मग एक चहाच्या रंगाची काच.
आकडे विझले.
बाबा बराच वेळ नोटेकडे बघत राहिले,
नोटच खोटी निघाल्यासारखे.
"पण ह्यातून तर सगळं दिसतं," ते म्हणाले.
"दिसायला नको?" आग्नेलो म्हणाला.

आठशे रुपये. कानापर्यंत वळलेला,
कडेनेही ऊन शिरू नये असा.
घेतला.

चौथ्या दिवशी परत आलो.
मीठ धरायच्या आधी पाण्यावर एक गुलाबी येते,
फार थोडा वेळ,
पाहुण्यासमोर लाजणाऱ्या पोरीसारखी.
ती ओळखली की फळी घालायची.
ह्या काचेतून सकाळपासूनच सगळं गुलाबी.
दोन कोंडी बाबांनी कच्ची ओढली होती.
पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.
ते हे सांगत नव्हते, मी सांगत होते.
ते काउंटरवरची धूळ बोटाने पुसत होते.

आग्नेलो हसला नाही.
"माझं गिऱ्हाईक कांदोळीचं," म्हणाला,
"ते आरशात बघतं. तुम्ही आलात तेव्हापासून
रस्त्याकडेच बघताय."
त्याने एक राखाडी काच काढली.
समोर मिरच्यांचा ढीग होता:
लाल लालच राहिला, हिरवा हिरवा,
नुसता उन्हाचा आवाज खाली आला,
कुणी रेडिओचं बटण फिरवावं तसा.
पुन्हा बॅटरी. पुन्हा नोट.
ह्या वेळी बाबांनीच धरली.
आकडे गेले.

वेल उतरणार नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.
चढायची थांबली तर नशीब.
मे महिना येईपर्यंत बाबांच्या डोळ्यांभोवती
दोन फिकट वाटोळी उमटली.
त्या रंगाचा बाप मी कधी पाहिला नव्हता.
लग्नाच्या फोटोत असावा,
पण तो फोटो काळा-पांढरा आहे.

काल बांधावर जेवताना
आईने तो त्यांच्या कपाळावरून ओढून घेतला.
डोक्यावर टोपली वाहून वाहून तिची मान
अजून टोपली असल्यासारखीच ताठ.
पदर मागे सारून तिने डोळ्यांवर लावला
आणि एकदम उठली.
"मेघ इले! रास झाकात, रास झाकात!"
आम्ही वर पाहिलं.
आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख.

मग ती इतकी हसली की खाली बसली.
पण काढला नाही.
बाबांनी एकदा हात पुढे केला,
मग तोच हात भाकरीकडे वळवला.
दुपारभर ती टोपल्या वाहत राहिली,
पदर खांद्यावर, कपाळ उघडं,
आणि बाबा बारीक डोळे करून
पाण्यातली गुलाबी शोधत.

तिच्या डोळ्यांत कुणी अजून पाहिलेलं नाही.
शुक्रवार परवा आहे.
शंभराची नोट मी वेगळी काढून ठेवली आहे.